पेंढा दूध पीत नाय

कोलशेतात एखाद्याच्या म्हशीचं पारडू गेलं आणि म्हैस पान्हा चोरायला लागली, की त्या घरातलं माणूस खाडीकाठच्या गवळवाडीकडे चालू लागे. तिथे गुणाजी गवळ्याच्या पडवीत त्याची विधवा भावजय बायजा बसलेली असे. तिला फारसं सांगावं लागत नसे. "कवा बसलं?" एवढंच ती विचारी आणि गुडघ्यावर हात टेकून उठे.

वाडीत पारडू 'मेलं' असं कुणी म्हणत नसे, 'बसलं' म्हणत. पारडी असली तर तिला जपायचं, ती उद्याची म्हैस. रेडकू असलं तर त्याला आईच्या सडाला नुसतं लावायचं आणि दूध उतरलं की ओढून बाजूला बांधायचं. रेडकू जेवढं पिणार तेवढं ठाण्याच्या रतिबातलं कमी होणार. असं रेडकू थोड्याच दिवसांत पाय पोटाशी घेऊन बसे आणि मग उठत नसे. त्याला कुणी मारलेलं नसे. कुणी पाजलेलं नसे, इतकंच.

पण रेडकू बसलं की दुसरी अडचण उभी राही. म्हशीच्या कासेत दूध असतं, पण ते सडात आपोआप येत नाही. पारडू कासेला ढुशी देतं, त्याचा वास तिच्या नाकात जातो, मग ती अंग सैल सोडते आणि दूध खाली उतरतं. हाच पान्हा. तो सर्वस्वी तिच्या मर्जीचा. तिनं तो चोरला तर माणसानं सड कितीही ओढले तरी चरवीचा तळसुद्धा भिजत नाही. म्हणून मेलेल्या पारडाचंच कातडं घ्यायचं, त्यात भाताचा पेंढा भरायचा आणि ते म्हशीच्या तोंडापुढे उभं करायचं.

कातडं सोलून देणारा माणूस गावाबाहेरून येई. त्यापुढचं काम बायजाचं. ती कातड्याला आतून राख आणि मीठ चोळी, सावलीत वाळवी, पायांच्या जागी बांबूच्या कामट्या घाली, पेंढा दाबून भरी आणि दाभणानं सुतळीची शिवण मारी. पोट फुगलं तर म्हैस बुजते, पेंढा कमी पडला तर मान लटकते, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. शेवटी पाठीवर मिठाचं पाणी शिंपडायचं. म्हैस पुढे येई, हुंगे, फुसकारे, पुन्हा हुंगे, आणि मग चाटायला लागे. तिचं चाटणं सुरू झालं की बायजा कासेखाली चरवी धरून बसे.

"बायजा मेल्याला उभं करते," असं लोक म्हणत. वाडीची गुरं राखणारा पोपट तर तिला रस्त्यात गाठून म्हणे, "काकी, माझा बाप गेला तवा तू कुठं होतीस? पेंढा भरून दिला असतास, तर म्हातारीला भांडायला कुनीतरी राह्यलं असतं." पहिल्यांदा ती हसली होती. पुढे पुढे तिला हसण्याचाही कंटाळा येऊ लागला.

ती मूळची कल्याणची. लग्न झालं तेव्हा ओहोटीबरोबर सुटलेल्या होडीतून ती कोलशेतला उतरली. ठाण्याच्या खाडीवरचा आगगाडीचा पूल तेव्हा नवा होता आणि लोक तो बघायला भाकरी बांधून जात. नवरा तापानं गेला. झालेली मुलं राहिली नाहीत. परत जायला कल्याणात कुणी उरलं नव्हतं. धाकट्या दिराच्या घरात तिला जागा मिळाली ती हातातल्या कसबामुळे. तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. ते सगळ्यांनाच कळत होतं.

पहाटे शेण, मग धारा, मग म्हशींना खायला आंबोण, मग भांडी विस्तवावर तापवणं, दुपारी गवत, दिवेलागणीच्या आधी पुन्हा धारा. म्हशींना एकादशी नसते. इतक्या वर्षांच्या धारांनी बायजाच्या अंगठ्यांचे सांधे सुजून कायमचे जाड झाले होते. सकाळी मूठ उघडायला तिला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागे.

"आक्का, जरा पडा की," धाकटी जाऊ रखमा म्हणे.

"पडते. पन मग उठवायला पाटलाचा बैल आनशील," बायजा म्हणे आणि भांडी घासायला घेई.

त्या वर्षी भाद्रपदात खाडीपलीकडून बुळकांडी आली. आधी गुरांच्या नाकातोंडातून पाणी गळे, डोळे चिकटत, मग हगवण लागे आणि जनावर उभ्याचं आडवं होई. गावानं मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेला. पुढच्या गावानं तो आणखी पुढे ढकलला. रोगानं मात्र शीव मानली नाही. दसऱ्याला दारांवर तोरणं लागली तेव्हा बहुतेक दावणी रिकाम्या होत्या. गुणाजीच्या गोठ्यात एक मोरणी म्हैस उरली, तिला लागण झालीच नाही. तिची पारडी मात्र गेली. चांदी म्हैस गेली आणि तिचं रेडकू कसं कोण जाणे वाचलं.

पाटलानं दवंडी पिटवली होती, रोगानं गेलेलं जनावर कातड्यासकट पुरायचं आणि वर मिठागरातलं टाकाऊ मीठ घालायचं. त्यामुळे मोरणीच्या पारडीचं कातडं हाती लागलं नाही. मोरणी दिवसभर रेकत राहिली आणि तिनं पान्हा चोरला.

बायजानं सरकी पुढे केली, गूळ पुढे केला, पाठ खाजवली. मग माळ्यावरून कुठल्याशा जुन्या पारडाचं पेंढ्याचं सोंग काढलं. उंदरांनी त्याचे कान कुरतडले होते. मोरणीनं ते एकदा हुंगलं, शिंगावर घेतलं आणि उकिरड्यात भिरकावलं.

"हिला सांगा कुनीतरी, घरात एवढंच हाय म्हनून," रखमा कपाळाला हात लावून म्हणाली.

गुणाजी रोज ठाण्याला दूध घालायचा. कावडीला दोन घागरी, तोंडाशी दूध हिंदकळू नये म्हणून गवताचा बोळा, आणि स्टेशनाजवळच्या घरांतून रतीब. आता कावड खुंटीला होती. रतिबाची घरं थोडे दिवस वाट बघतात, मग दुसरा गवळी बघतात. एकदा गेलेलं घर परत मिळत नाही. जेवता जेवता गुणाजी म्हणाला,

"वयनी, चांदीचं रेडकू हाय ना?"

"हाय."

"ते तसंपन बसनारच. त्याला रोग नाय, म्हनजे पुरायला नको. त्याचं कर."

"त्याला मोरणीच्या पारडीचा वास नाय, भावजी."

"मीठ जास्ती लाव. तुला मी शिकवू?"

बायजानं मान हलवली. होकार द्यायचा म्हणून नव्हे, सवयीनं. तोवर रखमा त्या रेडकाला उरलीसुरली पेज घालत असे. ती बंद झाली. मागच्या पडवीत ते मोकळंच पडून असायचं. त्याला दावं लावायला कुणी गेलं नाही. जे बसणार असं ठरलं आहे त्याला वाडीत कुणी बांधत नसे. दावं जगणाऱ्या जनावराला लावायचं.

दिवस गेले, पण रेडकू बसेना. उलट त्याच्या अंगावरचे तांबूस केस चकाकायला लागले. ते सकाळी पडवीतून नाहीसं होई आणि संध्याकाळी गुरांच्या धुळीबरोबर परत येई. जिकडे कुणी बघत नाही, तिकडून ते जात होतं.

"घरात पाजतंय कोन त्याला?" गुणाजीनं एक दिवस विचारलं.

"माझ्याकडं बघू नका," रखमा म्हणाली. "मला पेज उरत नाय, त्याला कुठली?"

"वयनी?"

"मी नाय."

"मग काय वारा पिऊन ऱ्हातंय? रेडकू हाय का गोसावी?"

दुसरीकडे मोरणीचं कोडं सुटत नव्हतं. सकाळी तिची कास भरलेली दिसे, पण धारेला बसलं की थेंब थेंब. संध्याकाळी रानातून परत येई तेव्हा कास सैल, लोंबती. धारा काढणाऱ्याला हे लगेच कळतं. कास रिकामी झाली होती, म्हणजे दूध कुठेतरी गेलं होतं. गुणाजीनं सरळ पोपटाला धरलं.

"रानात कोन काढतंय रे माझ्या म्हशीचं दूध?"

"दादा, डोकं हाय का जाग्यावर?" पोपट म्हणाला. "जिथं बायजाकाकीनं हात टेकले तिथं मी काढनार? तेवढं जमलं असतं तर तुमची गुरं हाकत उन्हात मेलो असतो का?"

"मग कास रिती कशी व्हते?"

"कासेला इचारा!"

दोघांची अशी जुंपली की पोपटानं मोरणीला रानात न्यायचंच नाकारलं. चोर म्हणवून घेऊन राखण करायला तो काही गुणाजीचा जावई नव्हता. मग मोरणीला चारायचं काम आपसूक बायजाकडे आलं. घरातलं जे काम दुसरं कुणी करायचं राहून जाई, ते तिच्याकडे आपसूकच येई.

ती मोरणीच्या मागोमाग खाजणाकडे, खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीकडे, निघाली. उन्हाचा चटका अजून गेला नव्हता. खाडीच्या बांधाखाली भरतीचं पाणी साचून डोह झाला होता, त्यात वाडीच्या उरलेल्या चार म्हशी मानेपर्यंत बुडून बसत. मोरणीही बसली. बायजा बांधावरच्या भेंडीच्या झाडाखाली टेकली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. मोरणी डोहातून बाहेर येऊन उभी होती, अंगावरचा चिखल गळत होता. तिच्या मागच्या पायांमध्ये चांदीचं रेडकू डोकं खुपसून पीत होतं.

बायजा हलली नाही. परकं पारडू नेहमी मागून येतं, हे तिला माहीत होतं. बाजूनं गेलं तर म्हैस मान वळवून हुंगते आणि लाथ घालते. मागून गेलं तर चोरी खपून जाते. तिला वाटलं, हेही चोरून पितंय, मोरणीला पत्ता नाही. आता कळलं की लाथ बसेल.

तेवढ्यात मोरणीनं मान वळवली. पूर्ण वळवली, अंगाला वळसा देऊन. रेडकाच्या पाठीवर नाक टेकवलं आणि हुंगलं. शेपटीच्या मुळापासून खांद्यापर्यंत, सावकाश. नाकातून फुसकारा टाकला. तोच फुसकारा, जो पेंढ्याच्या पारडापुढे म्हशी टाकत आणि बायजा म्हणे, आता ओळख पटत नाहीये हिला. मोरणीलाही ओळख पटली नव्हती. ही आपली पारडी नव्हे, हे तिला कळलं होतं. यात काही शंका ठेवायला जागा नव्हती. ना त्या अंगावर तिच्या पारडीचं कातडं होतं, ना मिठाचं पाणी.

मोरणीनं मागचा उजवा पाय उचलला. बायजानं डोळे बारीक केले. तो पाय लाथेसाठी उठला नव्हता. तिनं तो जरा मागे नेऊन टेकला, म्हणजे कास मोकळी झाली. रेडकाच्या तोंडाच्या कडेनं फेस ओघळायला लागला. पान्हा उतरला होता.

"बघितलंस काकी?" मागून पोपट म्हणाला. तो आपली गुरं घेऊन तिथेच आला होता. "मी रोज बघतो."

"मेल्या, मग सांगितलं का नाय?"

"मला वाटलं तुमीच सोडलाय त्याला तिच्यावर. आन मग दादानं चोर म्हनल्यावर कशाला सांगू?" तो खाली बसला. "पहिल्या दिवशी तिनं चांगली लाथ घातलीन. हे चिखलात पडलं. उठून परत आलं. परत लाथ. मग पडून राह्यलं. मग तीच गेली त्याच्याकडं आन उभी राह्यली वर. मला वाटलं तुडवते आता. नुसती उभी." पोपटानं काडी चघळली. "मी नाव ठेवलंय त्याला पेंढ्या."

 बायजा आपल्या हातांकडे बघत राहिली. आजवर केलेली सगळी सोंगं तिला आठवायला लागली. वासानं म्हैस फसते, असं तिला सासूनं सांगितलं होतं आणि तिनं ते मानलं होतं. म्हशी मठ्ठ असतात, म्हणून आपलं काम चालतं. पण प्रत्येक म्हैस आधी फुसकारायची, हेही खरं होतं. म्हणजे तिला कळायचं का? कळूनही ती पेंढ्याला चाटायची? मग फसलं कोण? विचार करून बायजाचं डोकं जड झालं. म्हशीच्या मनात शिरायला तिच्याकडे काही साधन नव्हतं. तिनं जे पाहिलं ते एवढंच होतं, की हुंगून, ओळखून, परकं म्हणून पारखून घेऊन मोरणीनं पाय मागे घेतला होता.

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. पोपटावरचा आळ जावा, एवढंच तिच्या मनात होतं. गुणाजी ऐकत राहिला आणि मग बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"म्हनजे वास बसलाय तिच्या नाकात!"

"बसलाय."

"मग सुटलंच की कोडं. आता त्या रेडकाचं पारडू केलंस तर ती शिंगावर नाय घेनार. चाटंल."

बायजाच्या हातातली भाकरी तिथेच राहिली. तिच्या लक्षात हे आलंच नव्हतं. मोरणीनं रेडकाला जवळ केलं, म्हणूनच आता त्याचं कातडं उपयोगाचं झालं होतं.

"भावजी, ती त्याला पाजते. तो असताना मी बाजूला बसून काढीन की."

"आन अर्धं तो पिनार. वयनी," गुणाजी सावकाश म्हणाला, तिच्यावर रागावून नव्हे, समजावून, "पेंढा दूध पीत नाय."

यात खोटं काही नव्हतं. गुणाजी दुष्ट नव्हता. बुळकांडीत त्यानं एकेक म्हैस स्वतः खड्ड्यात ढकलली होती आणि त्यानंतर त्याची पाठ सरळ झाली नव्हती. एका म्हशीवर तीन माणसांचं पोट होतं. रेडकू मोठं झालं तरी नांगराला लागायला कितीतरी पावसाळे जाणार. बायजाला हे सगळं कळत होतं. 

दुसऱ्या दिवशी रेडकाला पहिल्यांदा दावं लागलं, मागच्या पडवीत. आता ते बसलंच पाहिजे होतं. गोठा आणि पडवी यांच्यामध्ये कुडाची भिंत होती, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली. मोरणीला कुणी रानात नेलं नाही. रेडकू पलीकडून ओरडे, मोरणी अलीकडून रेके. रखमानं कानांवर पदर घेतला. बायजा धारेला बसली, पण मोरणीनं चरवीच उलथवली.

त्याच्या पुढच्या दुपारी बायजा शेण काढायला गोठ्यात शिरली. मोरणी दावं ताणून कुडाला चिकटून उभी होती, आडवी, कास भिंतीकडे करून. खालची माती शिंगांनी उकरून तिनं काठ्या मोडल्या होत्या. भोकातून रेडकाचं नाक दिसत होतं. ते पोचत नव्हतं. मधे हातभर अंतर होतं. रेडकाच्या ओरडण्यानं मोरणीला पान्हा फुटला होता आणि सडांतून दूध आपोआप ठिबकत शेणात मुरत होतं.

बायजा बराच वेळ पाटी हातात घेऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिला फक्त पुढचं सगळं काम दिसलं. दोन दिवसांनी कातडं सोलणाऱ्या माणसाला निरोप द्यायचा. कातडं यायचं. राख चोळायची, मीठ चोळायचं, सावलीत टांगायचं. कामट्या तासायच्या. पेंढा भरायचा. दाभण टोचायचं, आणि प्रत्येक टाक्याला अंगठा कळवळणार. मग ते सोंग या म्हशीपुढे उभं करायचं आणि ती फुसकारली की काय फुसकारते आहे ते ओळखून खाली चरवी धरायची. एवढं करायची ताकद तिच्यात उरली नव्हती. हात नाही म्हणत होते की मन, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तिनं पाटी ठेवली, पडवीत गेली आणि रेडकाचं दावं सोडलं. ते धडपडत गोठ्यात शिरलं. मोरणीनं मान वळवून त्याला हुंगलं आणि पाय मागे घेतला.

गुणाजी दारात उभा होता.

"कोनी सोडलं?"

"मी."

"वयनी, आपलं ठरलं होतं."

"तुमी ठरवलं होतं. मी मान हलवली. माझ्यानं नाय व्हायचं, भावजी."

"मग कोन करनार?"

"कुनी नको."

"आन खायचं काय? रतीब कशावर चालवू?"

"दोन सड त्याचे, दोन आपले." बायजा भिंतीला टेकून खाली बसली. "तो जे पिईल, ते मी भरून देते."

"कुठून? तुझ्याकडं काय हाय?"

"मिठागरात बाया लागतात."

गुणाजीचा चेहरा पडला. गवळ्याच्या घरची बाई मिठागरात डोक्यावर पाटी घेऊन, हे वाडीत आजवर झालं नव्हतं. तो वळला आणि निघून गेला. त्यानंतर तो बायजाशी बोलेनासा झाला. काही सांगायचं असलं तर रखमाला सांगे, तेही बायजा समोर बसलेली असताना.

"तिला सांग, घागर तापवायची राह्यली हाय."

"आक्का, घागर तापवायची राह्यली हाय," रखमा म्हणे. "आन मला पिंजऱ्यातला पोपट करून ठेवलाय ते बरं हाय."

मिठाचं काम थंडीत सुरू झालं. खाडीचं पाणी चौकोनी वाफ्यांत अडवतात, ते उन्हानं आटतं, तळाशी मीठ धरतं. पुरुष ते फावड्यानं ओढून काठावर आणतात आणि बाया पाट्या भरून बांधावरच्या राशीवर नेऊन टाकतात. ओलं मीठ दिसतं त्यापेक्षा फार जड असतं, आणि पाटीतून झिरपणारं पाणी मानेवरून पाठीत उतरतं. बायजाच्या तळव्यांना चिरा पडल्या. चिरांत मीठ गेलं की बाकीच्या बाया विव्हळत, शिव्या देत, गाणी म्हणत. ती काहीच करत नसे. पहाटे मोरणीच्या एका अंगाला रेडकू आणि दुसऱ्या अंगाला ती, दोघंही एकाच वेळी दूध घेत, मग मिठागर, परत आली की संध्याकाळच्या धारा. जेवताना तिला झोप येई.

"काय गो काकी," बांधावरून गुरं नेताना पोपट ओरडे, "पेंढ्या आयतं पितोय आन तू मीठ वाहतेस! चांगला लेक मिळाला!"

"तू ये की दोन पाट्या टाकायला."

"माझी कंबर नाजूक हाय."

वाडीतली दोन घरं आपली पारडं पेंढ्याची करून घ्यायला तिला बोलवायला आली. तिनं दाभण आणि सुतळी त्यांच्या हातात दिली आणि कसं करायचं ते सांगितलं. "तुमचं तुमी करा. मला नको," म्हणाली. एकाला तिनं सुचवून पाहिलं, की दुसऱ्या म्हशीचं जिवंत पारडू लावून बघ. त्यानं लावलं. म्हशीनं त्याला भिंतीवर आपटलं. तो माणूस येऊन तिला नाही नाही ते बोलून गेला. तिनं ऐकून घेतलं. सगळ्या म्हशी मोरणीसारख्या असतात, असं तिनं कधी म्हटलं नव्हतं.

फाल्गुनात ऊन तापलं आणि मिठाला जोर चढला. वाफे पांढरे झाले की मधे थांबता येत नाही. एका दुपारी राशीची चढण चढताना बायजाचा पाय निसटला आणि ती पाटीसकट बसली. लागलं काही नाही. पण उठता येईना. बाया पाणी घेऊन आल्या. ती म्हणाली, "काय नाय, बसते जरा," आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा गुणाजी समोर उभा होता. ठाण्याहून रिकामी कावड घेऊन परतताना त्याला कुणीतरी सांगितलं असावं. घागरी त्यानं बांधावर ठेवल्या होत्या. डोक्यावर मुंडासं होतं ते सोडून तो त्याची चुंबळ करत होता.

"ऊठ," तो म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलला. "सावलीत बस. तुझ्यानं व्हत नाय."

 बायजाला वाटलं, आता हा रेडकाचं काढणार.

"होतंय, भावजी. पाय निसटला फकस्त. उद्यापासनं नीट..."

"उद्यापासनं तू घरी ऱ्हा. म्हशीकडं बघ."

"आन रेडकू?"

गुणाजीनं सांडलेलं मीठ पाटीत भरायला घेतलं. गवळ्याच्या हाताला फावडं नीट बसत नव्हतं. शेजारच्या वाफ्यातला माणूस हसला, त्याच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

"त्याचं काय? पितंय," तो म्हणाला. "दोन सड म्हनालीस. तीन पितंय ते. मी बघत नाय असं वाटतं तुला?"

"माझं लक्ष नसतं, पहाटे डोळाच उघडत नाय."

"ते दिसतंय मला. सकाळी तू धारेला बसल्या बसल्या झोपतेस आन ते हळूच इकडचा सड धरतं. ती म्हैसपन तसलीच, सरकून देते." त्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलायला वाकला. पहिल्या खेपेला ती उचलली नाही. "एवढं जड असतंय?"

"ओलं हाय ना."

"हं."

दुसऱ्या खेपेला त्यानं ती उचलली. मान डुगडुगली, पाणी झिरपून कानामागून खाली आलं, तोंड वाकडं करत तो चढणीला लागला. वरून कुणीतरी ओरडलं, "अरे गुणाजीशेट, हे दूध नाय हो, नासत नाय, सावकाश चला!" त्यानं राशीवर पाटी उलटी केली.

बायजानं खरं तर उठून घरी जायला हवं होतं. संध्याकाळच्या धारा राहिल्या होत्या, घागरी रिकाम्या पडल्या होत्या, त्या घासायच्या होत्या. ती राशीच्या सावलीत सरकली, पाय लांब केले आणि तशीच पडून राहिली. गुणाजी दुसरी पाटी भरायला खाली आला तेव्हा ती झोपली होती. तो तिला उठवायला गेला नाही.